पाठीला पिशवी, सोबतीला वॉलमन
(बऱ्हाणपुरातले तीन दिवस)

आपल्या घरांत प्रवास निघतो तो ठरावीक कारणांनी. कुणाचे लग्न, कुणाचे पुण्यानुमोदन, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, सहा डिसेंबरला मुंबई. फारच झाले तर पोरांना एकदा अजिंठा. भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधायचा, गाडी धरायची, जायचे नि परत यायचे. नुसते एखादे गाव पाहायला म्हणून कुणी निघाले, तर शेजारी विचारतात, "का हो, तिकडे कुणी आजारी आहे का?"

आम्हीही आजवर याच रीतीने वागलो. कारकुनी नोकरी, संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे दाखले, अर्ज, शिष्यवृत्तीचे कागद. सुट्ट्या उरतात त्या नातेवाइकांच्या दारी जातात. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या थोरल्या मुलीने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात कुस्को नावाचे जुने शहर आहे. इंका राजांची ती राजधानी. १५३३ साली स्पॅनिश लोकांनी ती घेतली आणि इंकांच्या देवळाच्या दगडी भिंतींवर आपले चर्च बांधले. १९५० च्या भूकंपात वरच्या चर्चचे बरेच नुकसान झाले, खालच्या जुन्या भिंती मात्र उभ्या राहिल्या. त्या गल्ल्यांतून दोन पोरे पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन हिंडत होती. कुठे चौकात बसून मका खात होती, कुठे म्हाताऱ्या बायांशी हातवारे करून बोलत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी असे गेलात का?"

आम्ही म्हणालो, "पेरू आपल्याला बाजारातला माहीत." ती हसली. पण विचारलेले डोक्यात राहिले.

त्याच आठवड्यात आमच्या मित्राच्या घरून फोन आला. हा मित्र आमच्या शाळेपासूनचा, धुळ्याकडचा. खानदेशातल्या एका गावात तो पाणीपुरवठ्यावर वॉलमन होता. वॉलमन म्हणजे रस्त्यावरच्या खड्ड्यात उतरून लांब चावीने पाणी सोडणारा, बंद करणारा माणूस. सतरा वर्षे केले. कागदोपत्री कायम कधीच नव्हता. ठेकेदार बदलत गेले, माणसे तीच राहिली. या वेळी नवा ठेकेदार आला आणि त्याने आपली माणसे आणली. पहिल्या तारखेला मित्र कामावर गेला, तर यादीत नाव नव्हते. पहाटे तीनला उठणारा माणूस दहा दहा वाजेपर्यंत पडून राहू लागला. बोलेना, जेवणावर लक्ष नाही. वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठंतरी घेऊन जा. मला भीती वाटते."

आम्ही रजेचा अर्ज टाकला. बऱ्हाणपूर ठरवले ते दोन कारणांनी. एक, भुसावळहून खंडव्याच्या गाडीने तासाभराच्या अंतरावर, खिशाला सोसणारे. दुसरे कारण मित्राला सांगितले नाही. तिथे जमिनीखाली चारशे वर्षांपूर्वीची पाण्याची योजना आहे, एवढे आम्ही वाचून होतो.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, २००३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. पण खरे पाहता ही आपल्या खानदेशाची जुनी राजधानी. १९०६ साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले. ही वाटणी आपल्याला शाळेत शिकवतात. बऱ्हाणपूर त्याच्याही आधी निमाडात पडल्यामुळे आपल्या नकाशातून गेले, ते गेलेच. मूळ राज्य फारुकी घराण्याचे. पहिला मलिक राजा. त्याचे ठाणे थाळनेरला, म्हणजे शिरपूर तालुक्यात तापीकाठी. त्या घराण्यातल्या लोकांच्या कबरी तिथे अजून आहेत. त्याने थोरल्या मुलाला, नसीरला, लळिंगचा किल्ला दिला आणि धाकट्याला थाळनेर. धुळ्याहून मालेगावकडे जाताना डोक्यावर दिसतो तोच लळिंग. पुढे नसीरने अशीरगड घेतला. फरिश्ता हा जुना इतिहासकार सांगतो, की गडाच्या मालकाला बायकामाणसांना आसरा द्या असे कळवून डोल्यांत शिपाई बसवून पाठवले आणि गड दगाबाजीने घेतला. मग तापीच्या काठी नवे शहर वसवले, त्याला बुऱ्हाणुद्दीन या सुफी संताचे नाव दिले. गाडीत हे सगळे आम्ही मित्राला सांगत होतो. तो खिडकीतून तापीचे पाणी बघत होता. ऐकत होता की नाही, देव जाणे, असे म्हणायची आपल्यात रीत नाही. पण ऐकत नव्हता.

सावदा, निंभोरा, रावेर. दोन्ही बाजूंनी केळीच केळी. स्टेशन गावाबाहेर, लालबागेत. उतरलो तर रिक्षावाल्यांनी घेराव घातला. एकाने मित्राच्या खांद्यावरची पिशवी ओढून आपल्या रिक्षात ठेवलीसुद्धा. तेव्हा मित्र पहिल्यांदा बोलला. "चाळीसगावला याच्या उलट झालं होतं," एवढेच म्हणाला. खानदेशातल्या वाचकांना ती गोष्ट सांगायला नको. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब धुळ्याचे काम आटोपून चाळीसगावला उतरले. वस्तीवरच्या पाहुण्याला न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, म्हणून आपल्याच एका माणसाने, टांगा हाकायची सवय नसताना, लगाम हाती धरला. पुलावर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. आज आम्हाला चार रिक्षावाले ओढत होते. आम्ही भाव करून बसलो.

लॉज साधे निवडले. नोंदवहीत नाव, गाव, वय आणि मग व्यवसाय. मित्राने पेन धरले आणि त्या रकान्यापाशी थांबला. मागे दुसरे गिऱ्हाईक उभे होते. आम्ही त्याच्या हातून पेन घेतले आणि लिहून टाकले, नोकरी. कारकुनाचा हात, रिकामा रकाना त्याला सोसत नाही. रात्री दिवा मालवल्यावर मित्र म्हणाला, "जन्मभर लोकांना सांगतोस ना, खोटी नोंद करू नका म्हणून? मग माझ्या नावापुढं काय केलंस?" आम्हाला उत्तर सुचले नाही. बराच वेळ दोघेही जागे होतो.

दुसऱ्या दिवशी पायी निघालो. पाठीला पिशवी, तीत पाण्याची बाटली, शेंगदाणे, एक पंचा. शनवारा दरवाजा, इतवारा दरवाजा, मधल्या बोळातली दुकाने. शहराभोवती विटांची तटबंदी होती. ती निजाम आसफजाहने १७३१ साली घातली, तिचे तुकडे नि दरवाजे उरले आहेत. चौकातली जामा मशीद पाहिली. पंधरा कमानी, दोन उंच मिनार. आत अरबी लेखाबरोबर संस्कृतातला लेख आहे, त्यात शके १५११ असा काळ कोरलेला. राजा अली खान या फारुकी राजाने मशीद बांधली आणि तिच्यात संस्कृतही लिहवले. हल्लीच्या वातावरणात हे मुद्दाम जाऊन पाहण्यासारखे आहे. आम्ही चपला हातात घेऊन उभे राहिलो तर एका वृद्ध गृहस्थांनी स्वतः होऊन लेख दाखवला. कोण, कुठले, असे काही विचारले नाही.

शाही किल्ला तापीच्या काठावर. पडझड फार. हमामखान्याच्या छतावर मात्र रंगीत नक्षी अजून टिकून आहे. इथेच १६३१ साली मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. नदीपलीकडे जैनाबादला तिला पुरले, सहा महिन्यांनी आग्र्याला नेले आणि पुढे ताजमहाल झाला. गावातले लोक ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हाला त्या सालाचे दुसरे आठवत होते. १६३० ते १६३२ हा खानदेश, गुजरात आणि दख्खनेतला भयंकर दुष्काळ. माणसे रस्त्यांवर मेली, गावे ओस पडली. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले होते. त्या लंगरांच्या रांगेत कोण उभे असेल, हे सांगायला इतिहासकार नको. एका बाईसाठी संगमरवर आला आणि हजारोंची हाडे कुठे गेली याचा पत्ता नाही, असे आम्ही काहीसे भाषणाच्या सुरात म्हणालो. मित्र म्हणाला, "चौदावं बाळंतपण होतं ना तिचं? तिचंही काय सुख होतं?" आम्ही गप्प झालो. आमच्या भाषणात ती बाई राहूनच गेली होती.

मराठी माणसाला बऱ्हाणपूर आणखी दोन गोष्टींनी माहीत असते. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग इथेच १६६७ साली वारला, आणि १६८१ च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेने इथला बहादूरपुरा लुटला. त्या खुणा शोधण्यात आम्ही वेळ घातला नाही. त्याऐवजी मागांच्या मोहल्ल्यात शिरलो. गल्लीभर यंत्रमागांची खटखट, बोलायचे तर ओरडून बोलावे लागते. तावेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात इथून गेला. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. दारात बसलेल्या एका विणकर चाचांनी आम्हाला चहा पाजला. धुळ्याचे नाव काढताच म्हणाले, तिकडे आणि मालेगावात आमची सोयरीक आहे. मग ते आणि मित्र दोघे मजुरीवर बोलू लागले. मीटरमागे किती, वीज गेली तर कोणाचे नुकसान, मालक बदलला की काय होते. महिन्यात मित्र इतका बोललेला आम्ही पाहिला नव्हता. निघताना चाचांनी मावा जलेबी खाल्ल्याशिवाय जाऊ नका अशी ताकीद दिली. खव्याची ही काळपट, जाड जलेबी या गावचीच. एक पुरे होते, आम्ही दोन दोन खाल्ल्या.

संध्याकाळी नागझिरीत कबीर निर्णय मंदिर पाहिले. कबीरपंथातली पारख शाखा म्हणजे आधी पारखून घ्या, मग माना, असे सांगणारी. बीजकावरची पूरणसाहेबांची 'त्रिज्या' ही टीका याच ठिकाणची. बाबासाहेबांनी कबीरांना गुरू मानले होते, त्यामुळे तिथे आम्हाला परके वाटले नाही. शांत जागा आहे. मित्र ओट्यावर तासभर बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडी भंडारा. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात. सपाट माळ, आणि त्यावर ठरावीक अंतराने गोल कठडे, एका ओळीत. दुरून पाहिले तर कुणी विहिरींची माळ ओवली आहे असे वाटावे. अशा शंभरावर कुंड्या आहेत. १६१५ साली, जहांगीरच्या काळात, बऱ्हाणपूरचा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याने हे काम करवले. हिंदीच्या पुस्तकात दोह्यांसाठी भेटतो तोच हा रहीम. योजना आखली ती तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले आहे.

उद्‌वाहकाने खाली सोडतात. सुमारे ऐंशी फूट. पाळणा खाली जाऊ लागला, वरचे ऊन वाटीएवढे झाले आणि थंड दमट वास आला. तळाशी अरुंद बोगदा, माणूस उभा चालेल एवढा. भिंती पांढऱ्याशुभ्र, पाण्यातल्या चुन्याचे थर साचून संगमरवरासारख्या झालेल्या. पायाखाली स्वच्छ वाहते पाणी. आम्ही पायजमा वर केला आणि भिंत धरून उभे राहिलो. मित्र मात्र सरळ पुढे गेला. वाकला, पाण्यात बोटे धरली, मग भिंतीला हात लावला, मग वर कुंडीतून येणाऱ्या उजेडाकडे पाहिले. आणि बोलू लागला.

जे पुस्तकात वाचून आम्हाला नीट कळले नव्हते ते त्याने तिथे उभ्या उभ्या समजावले. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. ते पाणी जमिनीखालून सावकाश तापीकडे सरकत असते. या लोकांनी त्याच्या वाटेत आडवा बोगदा खणला. पाणी झिरपून बोगद्यात येते आणि उताराने शहराकडे जाते. पंप नाही, वीज नाही, तेल नाही. "उतार बघ," तो म्हणाला. "जास्त दिला तर पाणी तळ खातं. कमी दिला तर गाळ बसतो. ऐंशी फूट खाली, अंधारात, एवढ्या लांब हा उतार साधलाय. आमच्याकडं यंत्र लावून टाकलेली लाईन तीन ठिकाणी उलटी बसली." आणि कुंड्या कशाला? खणताना माती वर ओढायला, नंतर गाळ काढायला, आणि मुख्य म्हणजे हवेला. पाइपात हवा अडकली की पाणी थांबते, त्यासाठी हल्ली एअर व्हॉल्व्ह बसवतात. इथे प्रत्येक कुंडी हाच एक एअर व्हॉल्व्ह. मग भिंतीवरच्या चुन्याच्या थरावर नख ओढून म्हणाला, "हा वाढतोय. हा झिरपायच्या जागा बुजवणार. खरवडला नाही तर चारशे वर्षांचं काम बंद पडेल. याला युनेस्को नको, महिन्याला चार माणसं पाहिजेत."

खाली काम बघणारा जो माणूस होता, तो आता आमच्याऐवजी मित्राशी बोलत होता. दोघे पुढे दिसेनासे झाले. आम्ही एकटे पाण्यात उभे. त्या शांततेत मुलीने दाखवलेले आठवले. त्याच पेरू देशात, नाझ्का नावाच्या कोरड्या भागात, असेच जमिनीखालचे कालवे आहेत, त्यांना पुकिओ म्हणतात. वरून गोल गोल उतरत्या पायऱ्यांसारखी तोंडे. एवढ्या दूरच्या लोकांना हीच युक्ती सुचली.

मित्र परत आला तो एक प्रश्न घेऊन. "हे खणलं कुणी?"

आम्ही सुभेदाराचे नाव सांगितले.

"ते नाही. खणलं कुणी? या ऐंशी फुटांत मातीच्या टोपल्या घेऊन कोण उतरलं? किती गाडले गेले?"

माहिती फलकावर बादशहा आहे, सुभेदार आहे, जाणकार आहे. खणणाऱ्यांचे हजेरीपत्रक नाही. आणि दुसरे म्हणजे, हे पाणी शहरात गेले तेव्हा कोणाच्या दारापर्यंत गेले आणि कोणाला लांबून वाढले गेले, तेही लिहिलेले नाही. मित्र म्हणाला, "महाडला वीस मार्चला जे झालं, ते काय एका तळ्यापुरतं होतं का?"

वर आलो तेव्हा ऊन चढले होते. कठड्यावर बसून शेंगदाणे खाल्ले. भंडारा पाहायला आलेल्या एका शिक्षकाशी बोलता बोलता कळले, की हर घर जल योजनेत देशात पहिला प्रमाणित झालेला जिल्हा हा बऱ्हाणपूरच, जुलै २०२२ मध्ये. मित्राने लगेच विचारले, "नळ मोजले की पाणी मोजलं?" शिक्षक हसले. आम्हाला मात्र कळले, की हा माणूस कामावरून काढला गेला असेल, पण काम त्याच्यातून गेलेले नाही. त्याच्या वस्तीत पाणी पाच-सहा दिवसांनी येते. रात्री-बेरात्री बाया दारातून विचारायच्या, "पानी उनं का भो?" लाईनच्या शेवटच्या टोकाला आपली वस्ती, तिथे दाब पोचत नाही. म्हणून हा वरच्या आळीचा वॉल ठरल्या वेळेला बंद करायचा, मिनिटभर उशीर नाही. त्यावरून त्याला शिव्या बसल्या, एकदा मारही बसला. हे आम्हाला त्या कठड्यावर, सतरा वर्षांनी कळले.

"वेळ कशी लक्षात ठेवायचास?"

"लिहून ठेवायचो. खिशातली डायरी. कोणता वॉल, किती वाजता उघडला, किती वाजता बंद केला. भांडण झालं तर दाखवायला."

"रोज?"

"रोज. वर्षाला एक डायरी. घरी पत्र्याच्या पेटीत आहेत."

आमच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले. वर्षात २४० दिवस काम भरले की सलग सेवा धरली जाते, हे कामगारांचे अर्ज लिहून लिहून आम्हाला पाठ. अडते ते पुराव्यावर. ठेकेदार हजेरी दाखवत नाही, पगार हातात दिलेला, चिठ्ठीचपाटी नाही. आणि इथे सतरा वर्षांचा हिशेब पेटीत पडून होता. आम्ही त्याला तिथल्या तिथे तीन वेळा विचारले, पाने फाडली नाहीत ना, उंदरांनी खाल्ली नाहीत ना. तो म्हणाला, "एका सालची भिजली आहे. बाकी आहेत."

अशीरगड पाहायचा राहिला. वीस किलोमीटरवर तो दिसत होता, अकबराला १६०१ साली कुठे मिळाला तो गड. पण दुपारची गाडी धरायची असे मित्रानेच ठरवले. दोघांचा तीन दिवसांचा खर्च, चहा-जलेबी धरून, ३,४०० रुपये झाला. वाचकांपैकी कुणाला जायचे असेल तर थंडीत जावे, मजबूत चपला घालाव्यात आणि कुंडी भंडारा सकाळी पाहावा. मुलांना न्यावे. किल्ल्याआधी तो दाखवावा.

त्यानंतर सलग चार रविवार आम्ही मित्राच्या घरी गेलो. पेटीतून सोळा डायऱ्या निघाल्या, सतरावी भिजून चिकटलेली. वहिनींनी ती उन्हात एकेक पान सोडवून वाळवली. मित्र वाचायचा, आम्ही तक्ता भरायचो. महिना, दिवस, वॉल क्रमांक, वेळ. यादीतून नावे गेलेले आणखी पाच जण आता येऊन बसतात. त्यांच्यापैकी दोघांची नावे डायरीत जागोजागी आहेत, कोणत्या रात्री कोण सोबत होते ते. अर्ज कामगार कार्यालयात दाखल केला आहे, पहिली तारीख मिळाली आहे. अर्जावर पहिल्याच पानाला व्यवसायाचा रकाना होता. आम्ही पेन त्याच्याकडे सरकवले. त्याने लिहिले, वॉलमन, आणि पुढे कंसात, सतरा वर्षे.